बडोद्याचा संथ मारिओ

ज्या बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून काढले आणि जेथे १९३६ पासून द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश क्रमाने प्रसिद्ध होत गेला, त्या बडोद्यात तरी खेळ ही नोंदून ठेवण्याजोगी आणि पुढील पिढीच्या हाती अव्यंग सोपविण्याजोगी विद्या आहे, हे कोणास पटवून द्यावे लागू नये. तथापि दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी घरांत नव्वदीच्या दशकातील उन्हाळ्याच्या सुट्ट्या ज्या टीव्ही गेमने व्यापल्या, त्याची कैफियत लिहून ठेवण्याची निकड आपल्याला फारशी वाटलेली नाही. नवे यंत्र घरात आले म्हणून जुने माळ्यावर टाकू नये, आणि केवळ शोभेसाठी काचेच्या कपाटातही ठेवू नये, तर नव्याच्या शेजारी मांडून ते खेळत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आलेले निन्टेंडोचे फॅमिकॉम आपल्याकडे आले ते बहुधा परक्या नावाने. समुराई, लिटल मास्टर अशी नावे धारण केलेल्या संचांत आणि त्यांच्या पाठोपाठ बाजारात शिरलेल्या असंख्य निनावी प्रतिकृतींत त्याचेच हृदय धडधडत होते. अस्सल मालाची वाट जकातीने अडवलेली होती. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास शॉ वॉलेसने सेगा मेगा ड्राइव्ह भारतात आणले, ते ८० टक्के आयातशुल्क चुकवण्याच्या तजविजीने. तरीही संचाची किंमत १८,००० रुपये होती. सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात राहिली ती प्रतिकृतीच.

मूळ फॅमिकॉमची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइटची, आणि १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा समग्र खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला. त्यात आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही एकच आकृती असून फक्त रंग पालटलेला आहे. एका आडव्या रेषेत आठांहून अधिक हलत्या आकृत्या मांडण्याची मुभा नसल्यामुळे गर्दी झाली की आकृत्या लुकलुकत. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आलेल्या प्लेस्टेशन ५ ची स्मृती १६ गिगाबाइट आहे, म्हणजे जुन्याच्या ऐंशी लक्षपटींहून अधिक. त्या यंत्रातील विस्तीर्ण प्रदेश, पाण्यावरचा प्रकाश, पात्रांच्या चेहऱ्यांवरील सूक्ष्म भाव यांचा आनंद मी मनःपूर्वक घेतो. पण टंचाईतून जन्मलेली रचनेची जी काटकसर जुन्या खेळात दिसते, तिचा आनंद वेगळ्या जातीचा आहे, आणि दोन्ही यंत्रे एकाच संध्याकाळी खेळल्यावाचून हे अंतर ध्यानात येत नाही.

येथे बडोद्याच्या, किंबहुना अवघ्या भारताच्या, अनुभवातील एक विशेष बाब सांगितली पाहिजे. जपान व अमेरिकेत दूरदर्शन संचावर सेकंदाला ६० चित्रे उमटत; आपली पॅल पद्धती ५० ची. पॅलसाठी घडवलेल्या प्रतिकृतींतही चित्रे ५० च उमटत, आणि खेळाचे सारे कालगणित चित्रांच्या संख्येवर बांधलेले असल्यामुळे त्यांवरील मारिओ एक षष्ठांश संथ धावे. त्याचे संगीतही तितक्याच विलंबाने वाजे. स्वर मात्र जवळजवळ ढळत नसत, कारण ध्वनी उत्पन्न करणाऱ्या मुख्य चिपची गती फारशी उणावलेली नव्हती. मौलाबक्ष आणि फैयाज खाँ या गवयांच्या नगरीत लय आणि स्वर यांतील हा भेद निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. आज नव्या यंत्रांवर तोच खेळ अधिकृतपणे मिळतो तेव्हा तो बहुधा ६० च्या गतीने चालतो, आणि त्या संथ संचावर वाढलेल्या चाळिशीतील माणसाची बोटे मागे पडतात. जो मारिओ आपण खेळलो, तो त्या अधिकृत आवृत्तीत नाहीच.

पडद्याची गोष्ट याहूनही अवघड. डक हंट या नेमबाजीच्या खेळात बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन झळकतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहकाने तो त्याच क्षणी टिपला तर नेम लागला असे ठरते. जुन्या काचनळीचा किरण चित्र रेषेरेषेने तत्काळ रेखाटतो, म्हणून हा हिशेब जुळतो. चपट्या पडद्यावर चित्र काही सहस्रांश सेकंद उशिरा उमटते, त्याच्या प्रकाशाची जातही निराळी, आणि बंदूक निरुपयोगी ठरते. याच विलंबामुळे उडी मारण्याचा अचूक क्षणही हुकतो. म्हणून जुन्या यंत्राबरोबर एक जुना टीव्हीही राखावा.

सगळे खेळ नव्या यंत्रांवर मिळतीलच, या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असे आढळले. जेथे मूळ मालाचीच ही अवस्था, तेथे ‘९९९९ इन वन’ असे ठसठशीत लिहिलेल्या आणि मोजके खेळच फिरवून फिरवून दाखवणाऱ्या आपल्या कॅसेटची फेरिस्त कोण ठेवणार?

ती आपणच ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी संच चालता राहिला पाहिजे. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची आपली सार्वत्रिक रीत घातक होती: उच्छ्वासातील दमटपणाने धातूचे संपर्कबिंदू गंजतात, चालू होई ती कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने ते बिंदू पुसावेत. पुष्कळ प्रतिकृतींत मुख्य चिप काळ्या राळेच्या थेंबाखाली बुजवलेली असते. ती गेली की दुरुस्तीचा मार्ग खुंटला. तेव्हा संच चालतो आहे तोवर त्याचे नाव, कॅसेटवरील खेळांची यादी आणि त्याची गती उतरवून घ्यावी. गतीसाठी उपकरण लागत नाही. मारिओच्या खेळातील घड्याळाचे शंभर आकडे उतरण्यास लागणारा वेळ मनगटी घड्याळाने मोजला, की संच पन्नासाचा आहे की साठाचा, हे कळते.