कामाच्या हातांची आखूड नखं

१९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्या काळात एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या पहाडीखालच्या गावांमध्ये नखांची निगा म्हणजे दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा आणि बोटभर तेल, एवढाच पसारा. मोठ्या गावांत पुरुषांची नखं न्हाव्याच्या नराणीनं निघायची. बायका एकमेकींची काढायच्या, तीही भांडी घासून झाल्यावर, नखं पाण्यानं मऊ पडलेली असताना. दिवेलागणीनंतर नखं काढू नयेत, हा दंडक घरोघरी होता. चिमणीच्या उजेडात पात्यानं बोट कापलं तर दवाखाना कुठल्या कुठे, हे त्यामागचं कारण मला आजही पटतं.

गेल्या चाळीसएक वर्षांत इथल्या बायकांच्या नखांवर मेंदी चढली, मंडईतला लाल रंग चढला, पार्लरमधलं जेल चढलं आणि उतरलंही. नखं मात्र बहुतेकींनी आखूडच ठेवली. वाढवता येत नाहीत म्हणून ती आखूड राहिली, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मला तसं वाटत नाही. कामात असलेल्या हाताला आखूड नख शोभतं, आणि ते देखणं ठेवायला लागणाऱ्या बऱ्याचशा वस्तू घरात सापडतात.

आमच्याकडे नखांचं वर्ष शेतीच्या आणि जंगलाच्या कामांवर चालतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची. पहाटे झाडाखाली बसून एकेक फूल उचलताना माती आणि फुलाचा चिकट रस नखाखाली एकत्र बसतो, आणि वाळला की साध्या धुण्यानं हलत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा. असे पुडे दिवसभर बांधले की पानांच्या रसानं अंगठा आणि तर्जनी काळपट पडतात आणि नखाची कड झिजते. मग पाऊस येतो आणि धानाची रोवणी लागते. नखांची खरी परीक्षा रोवणीत. दिवसभर हात चिखलपाण्यात, नख पाणी पिऊन फुगतं. रात्री वाळून आकसतं. असं महिनाभर झालं की टोकाशी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते, ती भिजून भिजून ढिली होते, तिच्या फटीतून जंतू शिरतात आणि नखुरडं होतं. ज्यांना झालंय त्यांना विचारा, रात्रभर बोट ठणकतं.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात. म्हणजे श्रावणात रोवणीनं बिघडलेलं नख संक्रांतीच्या सुमारास कुठे पुरतं बदलून येतं. जानेवारीत सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते, इलाख्यातल्या सत्तर गावांचे लोक जमतात. तेव्हा बायकांच्या हातांकडे पाहा, वर्षातली सगळ्यात निरोगी नखं तेव्हा दिसतात.

रोवणीनं बिघडणाऱ्या नखांवर जुन्या बायकांचा उपाय होता मोहाच्या टोळीचं तेल. फुलांनंतर येणाऱ्या फळातल्या बिया फोडून, वाळवून, घाण्यावर गाळलेलं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. रात्रीची जेवणं आटोपली की चुलीच्या उबेला वाटी धरून ते पातळ करायचं आणि नखाच्या मुळाशी, दोन्ही बाजूंच्या खाचांत आणि टोकाच्या खाली अंगठ्यानं जिरवायचं. मी शहरात राहिले तेव्हा क्यूटिकल ऑइल नावाच्या छोट्या बाटल्या घेतल्या. त्यांचं कामही हेच, भिजून वाळलेल्या नखातली ओल उडू न देणं. टोळीच्या तेलाला वास उग्र असतो, हे खरं. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्यावं. नेम मोडू नये, एवढंच पाहावं.

जुनं ते सगळं चांगलं होतं, असंही नाही. राखेनं भांडी घासून नखं कोरडी ठक्क पडत. नखुरड्यावर हळदीचा लेप बांधायचा आणि पू धरला तरी डॉक्टरकडे जायचं नाही, यात कित्येकींचं बोट कायमचं वाकडं झालं. पू धरला की दवाखानाच.

रंगाची हौस मात्र बाटलीच्या आधीपासूनची. पावसाळ्यात तेरडा फुलला की मुली पाकळ्या चुरडून नखांवर बांधायच्या. नागपंचमीला मेंदी, तळहाताची फिकी झाली तरी नखांवरची महिनोन् महिने टिकायची, कारण ती नखाबरोबर वाढत वाढत टोकाशी येऊन कापली जाईपर्यंत जात नाही. आणि उन्हाळ्यात गुलमोहराच्या कळ्या. कळी सोलून तिचे हिरवे-लाल दल थुंकी लावून नखांवर चिकटवले की दहा बोटांना दहा लांब नखं, आणि ती घेऊन एकमेकींच्या मागे धावायचं. लांब नखं आम्ही एवढ्यापुरतीच वाढवली.

बाटली आली ती मंडईतून. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असतं आणि दिवसा बांगड्या-टिकल्यांची दुकानं. देशात लॅक्मे १९५२ मध्ये सुरू झाली होती, पण आमच्या मंडईत दिसायच्या त्या नावगाव नसलेल्या छोट्या बाटल्या, दोनच रंगांच्या, लाल आणि गर्द गुलाबी. एक बाटली चार घरांत फिरायची. लग्नघरात नवरीला लावून उरलेला रंग करवल्यांना. त्या रंगाला खाली बेस कोट नसायचा, त्यामुळे तो निघाल्यावर नख पिवळं दिसायचं आणि आज्या म्हणायच्या, "विष आहे वो ते." आज्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. नखांच्या रंगात फॉर्मल्डिहाइड, टोल्युइन आणि डायब्युटिल थॅलेट ही तीन रसायनं पुढे जगभर वादात सापडली आणि मोठ्या कंपन्यांनी ती वगळली.

योगायोग असा, की त्याच १९५२ साली पुण्यात श्रीधर चिल्लाल यांनी डाव्या हाताची नखं कापणं थांबवलं. ११ जुलै २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये ती कापली, तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर भरली. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण त्या हाताची बोटं कायमची अधू झाली आणि रोजची कामं त्यांनी आखूड नखांच्या उजव्या हातानं निभावली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आश्रमशाळांनी आमच्या पिढीला नेलकटर दिलं. परिपाठाच्या वेळी हात पुढे करून उभं राहायचं आणि बाईंनी नखं तपासायची. रंग दिसला तर खरवडून काढायला लावत. तो खरवडण्याचा प्रकार वाईट होता, रंगाबरोबर नखाचा वरचा थरही निघायचा. पण नखाखालच्या मळातून जंत पोटात जातात, हे तिथेच शिकलो. पुढे आमच्यातल्या काही मुली नर्स झाल्या, आशा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक सूचना त्यांना लागू होते. रुग्णसेवा करणाऱ्यांनी नखांची टोकं अर्ध्या सेंटीमीटरहून कमी ठेवावीत आणि कृत्रिम नखं लावू नयेत.

मोठा बदल अलीकडचा आहे. सूरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहनं जाळली आणि काम थांबलं. २०२१ पासून ते पुन्हा जोरात सुरू झालं. खाणीबद्दल गावागावांत दुमत आहे आणि ठाकूरदेवाच्या पहाडीचा प्रश्न ज्यांच्या जिवाशी आहे, त्यांचं दुःख मी हलकं मानत नाही. इथे सांगायचं ते एवढंच, की मुलींच्या हातात पगार आला. काहीजणी अवजड वाहनं चालवायला शिकल्या. मोबाईलवर नखांचे व्हिडिओ आले, आलापल्ली-अहेरीकडे पार्लरं आली, चंद्रपूरला जेल आणि एक्स्टेन्शन करून येणाऱ्या मुली दिसू लागल्या. स्टीअरिंग धरताना आणि लाल धुळीत काम करताना लांब नखं टिकली नाहीत. जेल ओढून काढल्यामुळे पातळ झालेली नखं घेऊन त्या पुन्हा घरच्या पद्धतीकडे वळल्या. १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघानं जेलमधल्या टीपीओ नावाच्या घटकावर बंदी घातली. तेव्हा हे वळणं योग्यच झालं, असं मला वाटतं.

या मुलींची आजची पद्धत मला फार आवडते. सुटीच्या दिवशी दुपारी, हात कोरडे असताना सुरुवात. कोरडे हे महत्त्वाचं. ओलं नख कापायला सोपं, पण कानशीनं घासलं तर फाटतं. नखाचं टोक बोटाच्या टोकाशी जेमतेम राहील इतकं कापायचं. कानस एकाच दिशेनं, बाजूकडून मध्याकडे. पुढे-मागे करवतीसारखी चालवायची नाही. आकार बोटाच्या टोकाचा धरायचा. कोपरे किंचित गोल ठेवले की लुगड्याच्या किंवा ओढणीच्या धाग्यात नख अडकत नाही. मग तेल लावून पाच मिनिटं थांबायचं आणि मऊ कापडात गुंडाळलेल्या अंगठ्यानं मुळाशी असलेली कातडी हलकेच मागे सारायची. ती कापायची नाही, कारण जंतूंना अडवणारं दार तेच आहे.

रंग लावायचा असेल तर साबणानं तेल पूर्ण धुऊन काढायचं, नाहीतर रंग धरत नाही. बेस कोटचा एक हात. रंगाचे दोन हात, दोन्ही पातळ, मध्ये चांगलं वाळू द्यायचं. घाई करून एकच जाड थर दिला की तो आत ओलाच राहतो. आखूड नखासाठी एक युक्ती: ब्रश आधी मधोमध ओढायचा, मग दोन्ही बाजूंनी, आणि कडेला केसाएवढी जागा रंगाविना सोडायची. नख लगेच निमुळतं दिसतं. शेवटी टॉप कोट, आणि तो नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवायचा. रंग उडायला सुरुवात तिथूनच होते. नक्षी हवी तर काडेपेटीच्या काडीनं मुळाशी एकच ठिपका, किंवा टोकाला दोऱ्याएवढी पांढरी रेघ. आखूड नखावर याहून जास्त गर्दी नको. रंगांसाठी मी तर मार्चचं जंगल पाहायला सांगते, कुसुमाची तांबूस कोवळी पालवी, पळसाचा केशरी, मोहफुलाचा फिका पिवळसर. धुळीच्या कामावर फिके रंग बरे, टवका उडाला तरी डोळ्यांत भरत नाही. काढताना रिमूव्हरचा बोळा दहा सेकंद दाबून धरायचा आणि एकदाच पुसायचा. रोवणीच्या महिन्यात रंग नकोच. फक्त तेल, आणि पायाची नखं सरळ रेषेत कापलेली, म्हणजे कोपरे मांसात रुतत नाहीत.

रंग काढल्यावर दोन दिवस नखं उघडी ठेवा आणि उजेडात पाहा, हे मी प्रत्येकीला सांगते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, आणि ते नखांवर दिसतं. गुलाबी नख फिकं पांढरट पडतं. लोह फारच कमी असेल तर मधोमध खोलगट होतं, त्यात पाण्याचा थेंब ठरेल असं. लोखंडाच्या पहाडीखाली राहणाऱ्या कितीतरी बायकांची नखं मी अशी पाहिली आहेत, आणि त्यावर गडद लाल रंगाचे दोन थर असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला जाताना रंग काढूनच जावं, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरलाही त्याचा अडथळा होतो. नखं फिकी वाटली तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावं. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, म्हणून ती तपासणी सोबतच करायला सांगावी आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू कराव्यात.