टाकीच्या तळाचं पाणी

ऑक्टोबर 2020. उजनी आणि वीर या धरणांतून सोडलेलं पाणी घेऊन भीमा कलबुर्गी जिल्ह्यात आली आणि अफजलपूर, जेवर्गीकडची काठावरची गावं वेढली गेली. आपत्ती दलाच्या रबरी बोटी पाण्यात उतरल्या. अशा वेळी बोटीचं इंजिन दोरी ओढताच सुरू व्हायला हवं आणि पैलतीर गाठेपर्यंत चालायला हवं. धारेच्या मध्यावर ते बंद पडलं तर आतली माणसं नदीच्या हवाली.

असं बंद पडण्यामागे अनेकदा असतं ते टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी. त्याला वाटेत अडवतो तो वॉटर सेपरेटर. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा, वर फिल्टर, खाली पारदर्शक वाटी आणि वाटीला तोटी असलेला. दिसायला किरकोळ, पण बोटीवरच्या कुठल्याही महागड्या सामानाआधी मी यालाच मान देईन.

पाणी टाकीत येतं कुठून? झाकणाचं रबर चिरलं की पावसाचं येतं, कॅनमधून ओतताना येतं. पण मोठा चोर म्हणजे हवा. बोट वर्षातले बहुतेक महिने गोदामात, टाकी अर्धी रिकामी. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो. प्रत्येक वेळी टाकी थोडी हवा बाहेर सोडते, थोडी आत घेते. दमट हवेतली वाफ थंड भिंतीवर थेंब धरते आणि थेंब खाली उतरतो. डिझेल असो वा पेट्रोल, दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे पाणी नेमकं तळाशी, इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसतं.

भीमेच्या काठचा शेतकरी हे दुखणं पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनावरून ओळखतो. 1946 साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनी ही यंत्रं इकडच्या शिवारांत रुजवली. बंगळूरला 1951 साली उभ्या राहिलेल्या मायको कंपनीचं नाव तर इंधनपंपालाच चिकटलं. या पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच. तिथे वंगणाचं काम डिझेलच करतं. डिझेलच्या जागी पाणी आलं की धातूवर धातू घासतो, गंज धरतो, नोझलचं टोक तापलेल्या वाफेने फुटूही शकतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते. फिल्टरमध्ये काळा बुळबुळीत थर दिसला तर तो तिचाच.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून काचेच्या बाटलीत तळाचं इंधन काढा आणि रात्रभर स्थिर राहू द्या. सकाळी दोन थर दिसले तर खालचा पाण्याचा. मग टाकीचा तळ पूर्ण उपसा, वाटीची तोटी उघडून स्वच्छ इंधन येईपर्यंत सोडा, फिल्टर बदला. डिझेल इंजिन असेल तर नळीत शिरलेली हवा काढल्याशिवाय ते सुरू होणार नाही. आणि एकदा पाणी निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. डुलणाऱ्या बोटीत कडेचं पाणी पुन्हा तळाशी येतं, म्हणून थोडं चालवून वाटी परत बघा.

पेट्रोलवरच्या बोटींचा प्रश्न आता वेगळ्या वळणावर आहे. 2022 मध्ये देशात दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं, 2025 पर्यंत वीस टक्के. बीदर-कलबुर्गीच्या ऊसपट्ट्याला त्याचा लाभ आहे, आणि रोज चालणाऱ्या गाडीत मिश्रण साठून राहतच नाही. उभ्या बोटीचं तसं नसतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. मर्यादेपर्यंत ते मिसळून राहतं, ती ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरतो. तेव्हा नुसतं तळाचं पाणी काढून भागत नाही, सगळं पेट्रोल बदलावं लागतं. जुन्या पेट्रोलवर पुरात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून तालुक्याच्या अधिकाऱ्यांना आणि ज्यांच्या गावाला बोट दिलेली आहे त्या सगळ्यांना कळकळीची विनंती: मृगाआधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, वाटी आणि फिल्टर तपासा, आणि बोट पाण्यात घालून इंजिन भाराखाली चालवून बघा. भीमेला पूर ऑक्टोबरातही येतो, म्हणून दसऱ्यापर्यंत दर महिन्याला ही तपासणी व्हायलाच हवी.