दुर्मीळ म्हणून उशिरा

लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. पचनमार्गाच्या आतल्या अस्तराचा ९० टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग एकट्या त्याच्या वाट्याला येतो. पण पचनसंस्थेच्या १०० कर्करोगांत लहान आतड्यातले जेमतेम ३ ते ५. इथले अन्न पातळ असते, भराभर पुढे सरकते. मोठ्या आतड्याच्या मानाने जिवाणू फारच थोडे. अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. अभ्यासक या संरक्षणाकडे बोट दाखवतात. जठराला लागून असलेला वीतभर भाग, म्हणजे ड्युओडेनम, मात्र त्याला अपवाद. पित्त तिथेच येऊन मिळते आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या गाठी सर्वाधिक तिथेच आढळतात.

हीच दुर्मीळता रुग्णाच्या मुळावर येते. रक्त कमी होणे, जेवणानंतर कळ येणे, वजन घटणे या तक्रारी इतक्या सर्वसाधारण, की लहान आतड्याची शंका शेवटी येते. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत पोचते, खालून घातलेली फार तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. मधले काही मीटर अंधारातच राहतात. २००१ पासून कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळून तो भाग पाहता येऊ लागला. सेकंदाला साधारण दोन चित्रे, आठेक तासांत ५० हजारांच्या आसपास, आणि ती सगळी डॉक्टरांनी पडद्यावर डोळ्यांखालून घालायची. घडीआडची गाठ त्यांतल्या एखाद-दोन चित्रांतच दिसते. अस्तराखाली वाढणारी गाठ नुसता फुगवटा भासते. ड्युओडेनममधून तर कॅप्सूल झपाट्याने निघून जाते. आतडे अरुंद झाले असेल तर ती अडकूही शकते, म्हणून अशी शंका असल्यास आधी सीटी किंवा एमआरआय करतात. कॅप्सूल निर्दोष आली तरी लक्षणे टिकून असतील तर शोध थांबवू नये.

मग सगळ्यांचीच तपासणी का करू नये? इतक्या विरळ आजारासाठी तो खर्च आणि त्रास समर्थनीय नाही. पण क्रोन्सचा आजार, सिलिअ‍ॅक, घराण्यात चालत आलेला पॉलिप्सचा विकार किंवा लिंच सिंड्रोम असलेल्यांचा धोका इतरांहून निश्चित जास्त असतो. त्यांना ही दुर्मीळता दिलासा देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आपल्याकडे आतडे अरुंद झाले की टीबीची शक्यता कितीतरी जास्त. ते खरेच आहे. म्हणूनच शक्य तिथे तुकडा काढून तपासावा, आणि टीबीच्या औषधांनी अपेक्षित उतार पडला नाही तर निदान पुन्हा पारखावे. दोन्ही दुर्बिणी निर्दोष येऊनही हिमोग्लोबिन वारंवार उतरत असेल, तर लोहाच्या गोळ्यांवर समाधान मानू नका. लहान आतडे पाहिले का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.