पितळेला पितांबरी लावू नका

20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन. 1897 साली याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीचा माग लागला. तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू कपाळाच्या आणि हातांच्या घामाने गंजले होते, उरलेल्या एकमेव नेत्रिकेला तडा गेला होता. रॉस यांनीच तसं लिहून ठेवलंय. असा गंज हा त्या कष्टांचा पुरावाच. म्हणून संग्रहालयातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकांचं पितळ घासून लखलखीत करण्याची हौस थांबायलाच हवी. एकोणिसाव्या शतकातले कारागीर या पितळेवर लाखेचं पातळ सोनेरी रोगण चढवत. चिंच किंवा पितांबरीने रगडलं की ते उतरतं आणि उघडं पितळ लवकर काळवंडतं. शिवाय बोटांनी वर्षानुवर्षं फिरवलेल्या चाकावरची झीजही पुसली जाते. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातल्या, ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडनच्या कांस्यमूर्तीला चिंच चोळायचं कुणाच्या मनात येईल का?

तितकीच हेळसांड होते सोबतच्या सामानाची. लाकडी पेटी, भिंगांच्या पितळी डब्या, आरसा, चिमटा, हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेल्या काचपट्ट्या हे सगळं अडगळीत आणि कपाटात नुसता खांब, असं होता कामा नये. 1858च्या सुमारास लंडनच्या सूक्ष्मदर्शक संस्थेने भिंगांच्या आट्यांचं माप ठरवून दिलं, ते पुढे सगळीकडे रुळलं आणि एका कंपनीचं भिंग दुसरीच्या नळीत बसू लागलं. त्यामुळे मूळ संच कोणता, हे ओळखायला पेटीतले खाचे फार मोलाचे. रिकामा खाचासुद्धा काय हरवलंय ते सांगतो.

‘मग वस्तू सडू द्यायची का?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि मलकापूरसारख्या दमट गावात तर जास्तच. आंबा घाटाच्या वाटेवर असलेल्या या गावात पावसाळाभर चामड्यावर बुरशी धरते. भिंगावर ती धरली तर काच कायमची कोरली जाते. पितळेवरचा हिरवा, भुसभुशीत कळंकही वाढू द्यायचा नसतो. पण त्यावर उपाय कोरडी हवा, बंद कपाटात सिलिका जेल, मऊ कुंचला आणि जाणत्या संवर्धकाचा हात. चकाकी नसेल तर लोक बघायला थांबत नाहीत, असंही म्हणतात. लोक थांबतात ते काही बघायला मिळालं तर. शेजारी शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मांडा, कांद्याचा पापुद्रा लावा, मुलांना डोळा लावू द्या. जुन्या यंत्राच्या पाटीवर कारागिराचं नाव, क्रमांक, वापरणारा कोण आणि पेटीतलं काय गहाळ आहे, एवढं स्पष्ट मराठीत लिहा.