पडद्यावरील पाटी कोणाची?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलगतच्या मुल्लानपूर येथील महाराजा यादविंद्र सिंग क्रिकेट मैदानावर सांगलीच्या स्मृती मानधना हिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९१ चेंडूंत ११७ धावा काढल्या आणि भारतीय महिला संघाने तो एकदिवसीय सामना १०२ धावांनी जिंकला. असा सामना रंगात आलेला असताना कचेरीत वा एस.टी.त बसून भ्रमणध्वनीवर धावफलक पाहणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. धावसंख्येवर बोट टेकवावे, तोच मजकूर खाली सरकतो आणि बोट नेमके जाहिरातीवर पडते. क्षणात धावफलक नाहीसा होऊन कोणी झटपट कर्ज देऊ करतो, कोणी ‘आपल्या फोनमध्ये विषाणू शिरला आहे’ असे घाबरवतो. जाहिरात बंद करण्याची फुलीही इतकी बारीक, की ती दाबू जावे आणि पुन्हा जाहिरातच उघडावी!

हा त्रास आपण बहुतेकजण निमूटपणे सोसतो. तथापि बँकेच्या ग्राहकाने या विषयाकडे केवळ त्रास म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. कारण याच जाहिरातींच्या वाटेने खात्यातील पैशापर्यंत पोहोचणारे लोक आहेत.

मुल्लानपूरचेच उदाहरण पुढे नेऊ. पंजाबात या नावाची दोन गावे आहेत. क्रिकेटचे मैदान आहे ते चंदीगडला खेटून असलेले मुल्लानपूर गरीबदास. दुसरे मुल्लानपूर दाखा. ते लुधियाना जिल्ह्यात, सुमारे शंभर किलोमीटर दूर. नाव एक, ठिकाणे दोन. प्रवासात अशी चूक झाली तर फार तर सामन्याची पहिली काही षटके बुडतील. आंतरजालावर मात्र सारख्या नावाची पाटी कोणीही लावू शकतो आणि ती सर्वांत वर दिसावी यासाठी पैसेही मोजू शकतो. सामन्याची तिकिटे, बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक, कुरिअर कंपनीचा दूरध्वनी यांपैकी काहीही शोधा. येणाऱ्या यादीतील पहिल्या एकदोन नोंदींवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असा शब्द असण्याचा संभव असतो. त्या नोंदी अचूकतेमुळे वर आलेल्या नसतात, पैसे भरल्यामुळे आलेल्या असतात. पैसे भरणारा प्रामाणिक असेल, नसेलही.

ही भीती काल्पनिक नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या पद्धतींविषयी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत शोधयंत्रावर मिळालेल्या बनावट ग्राहकसेवा क्रमांकाचा प्रकार नोंदविलेला आहे. महाराष्ट्रातही तत्पूर्वी, २०१८ साली, सायबर पोलिसांकडे एका सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या तक्रारी आल्या होत्या. ऑनलाइन नकाशावरील शाखांच्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांक बदलून भामट्यांनी तेथे स्वतःचे क्रमांक टाकले होते; ग्राहक ‘बँकेला’ दूरध्वनी करीत आणि पलीकडचा माणूस कार्डाचा तपशील विचारून घेई. हा प्रकार जाहिरातीचा नव्हता हे खरे, पण फसण्याचे कारण तेच. शोधयंत्राने जे दाखविले ते खरेच असणार, हा भाबडा विश्वास! पुढे २१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने नागरिकांना जाहीर इशारा दिला, की नामांकित कंपन्यांचे रूप घेऊन गुन्हेगार शोधयंत्रांवर जाहिराती देत आहेत. त्या इशाऱ्यातील एक सूचना विशेष लक्षणीय होती. शोध घेताना ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारे साधन वापरावे, असे तीत म्हटले होते. एका पोलीस संस्थेने जाहिरात रोखण्याचा सल्ला द्यावा, यातच या साधनाचे स्वरूप किती पालटले आहे ते दिसते.

या जाहिराती पानावर येतात तरी कशा? आंतरजालावरील पट्टीवजा जाहिरातीचा प्रारंभ सामान्यतः ऑक्टोबर १९९४ पासून मानला जातो. ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरात तेव्हा झळकली. त्या काळी जाहिरात वृत्तपत्रातल्याप्रमाणे पानावर चिकटवलेली असे. आज तसे नाही. आपण एखादे पान उघडतो तेव्हा त्यावरील रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. आपण कोणत्या गावचे, कोणता फोन वापरतो, काल काय शोधले याचा अदमास घेऊन बोली लागते आणि डोळे मिटून उघडण्याच्या आत विजेत्याची जाहिरात त्रयस्थ संगणकावरून आपल्या पडद्यावर येऊन बसते. संकेतस्थळाच्या संपादकालाही आपल्या पानावर या घटकेला कोणती जाहिरात दिसते आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते. मार्च २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘बीबीसी’ यांसारख्या प्रतिष्ठित संकेतस्थळांवर जाहिरातींच्या जाळ्यातून घातक प्रणाली वाचकांच्या संगणकांपर्यंत पोहोचल्या, त्या याच मार्गाने. मजकूर विश्वसनीय होता, शेजारची चौकट नव्हती.

जाहिरातरोधकाचे काम समजण्यास आता अवघड जाऊ नये. जाहिराती पुरविणाऱ्या संगणकांच्या पत्त्यांची एक लांबलचक यादी असते. पान उघडताना ब्राउझर ज्या ज्या ठिकाणाहून सामग्री मागवू पाहतो, तो प्रत्येक पत्ता या यादीशी ताडला जातो आणि जुळला तर मागणीच केली जात नाही. सोसायटीच्या फाटकावरील रखवालदाराकडे वही असावी, तसे हे आहे. जाहिरात येऊन मग झाकली जाते असे नसून, ती बहुधा येतच नाही. म्हणून पान लवकर उघडते आणि मर्यादित डेटा असणाऱ्याचा डेटाही वाचतो. २००२ साली डेन्मार्कच्या हेन्रिक सोरेन्सन या विद्यार्थ्याने ‘ॲडब्लॉक’ हा प्रयोग केला, तेथून ही परंपरा सुरू झाली. आज सर्वाधिक वापरात असलेली ‘इझीलिस्ट’ ही यादी स्वयंसेवक सांभाळतात आणि भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी तिची स्वतंत्र पुरवणीही आहे.

संगणकावर व्यवस्था करणे सोपे आहे. फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी ब्राउझरच्या अधिकृत विस्तारकांच्या भांडारातून ‘युब्लॉक ओरिजिन’ घ्यावे. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प विनामूल्य आहे. गुगल क्रोममध्ये २०२४-२५ या काळात विस्तारकांचे नियम बदलण्यात आले आणि हे मूळ विस्तारक तेथे चालेनासे झाले. क्रोमसाठी त्याच निर्मात्याची ‘युब्लॉक ओरिजिन लाइट’ ही हलकी आवृत्ती आहे. आणि हो, येथेही दोन मुल्लानपुरे आहेतच! नुसते ‘युब्लॉक’ नावाचे विस्तारक निराळ्या मालकीचे आहे. नाव पूर्ण वाचावे, निर्मात्याचे नाव पाहावे, मगच बटण दाबावे.

भ्रमणध्वनीवर थोडी अधिक खटपट आहे. अँड्रॉइड फोनमधील क्रोम विस्तारके स्वीकारत नाही. फायरफॉक्स स्वीकारते, तेव्हा बातम्या, धावफलक, पाककृती अशा वाचनासाठी फायरफॉक्स ठेवणे हा सरळ मार्ग. ‘ब्रेव्ह’ या ब्राउझरमध्ये जाहिरातरोधक अंगचाच असतो. आयफोनमध्ये २०१५ पासून सफारी ब्राउझरला अशा साधनांची जोड देता येते. ॲप स्टोअरमधून ते उतरवून घेतल्यावर सेटिंग्जमध्ये सफारीच्या विस्तारकांत ते चालू करावे लागते, आणि ही दुसरी पायरी अनेकजण विसरतात. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय फोनमध्येच आहे. तेथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता लिहिला, तर ब्राउझरबरोबर इतर ॲपमधील बऱ्याच जाहिरातीही थांबतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र याने थांबत नाहीत, कारण त्या आणि चित्रफिती एकाच घरून येतात; रखवालदाराने अडवावे कोणाला? शिवाय ही व्यवस्था केल्यावर एखादे ॲप चालेनासे झाले तर ती तात्पुरती बंद करून पाहावी.

यापैकी काहीच जमणार नसेल तरी एक काम अवश्य करावे, आणि घरातील ज्येष्ठांच्या फोनवर तर आजच करावे. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगणारी पाने पुष्कळांनी पाहिली असतील. ते बटण दाबणे म्हणजे त्या संकेतस्थळाला आपल्या फोनवर केव्हाही सूचना पाठविण्याची मुभा देणे होय. मग दिवसभर घंटा वाजत राहते, ‘आपले खाते बंद होणार’, ‘आपणांस बक्षीस लागले’ अशा ओळी पडद्यावर उतरतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की या फोनच पाठवीत आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि तेथे ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे. परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. अनोळखी नावे काढून टाकावीत. त्याच ठिकाणी ‘पॉप-अप्स’ आणि त्रासदायक जाहिराती यांचे पर्याय बंद आहेत ना, हेही पाहून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आता सावधगिरीची बाजू. जाहिरातरोधक हा शेवटी आपण घरात घेतलेला रखवालदार आहे आणि त्याच्या हाती किल्ल्या असतात. विस्तारक बसविताना ब्राउझर विचारतो, की सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची अनुमती द्यायची काय? या ‘सर्व’मध्ये नेटबँकिंगचे पानही येते. एप्रिल २०१८ मध्ये ‘ॲडगार्ड’ या कंपनीने क्रोमच्या भांडारातील पाच बनावट जाहिरातरोधक उघडकीस आणले. त्यांचे वापरकर्ते मिळून दोन कोटींहून अधिक होते. नामांकित साधनाचे नाव थोडे फिरवून ही मंडळी दुकान मांडून बसली होती. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून वा एखाद्या जाहिरातीवरून जाहिरातरोधक कधीही घेऊ नये. (जाहिरात रोखणाऱ्या साधनाची जाहिरात करावी लागते, ही गंमत वेगळीच.) नेटबँकिंगसाठी एक स्वतंत्र ब्राउझर ठेवावा, त्यात एकही विस्तारक नसावे आणि त्यात दुसरे काहीही उघडू नये, असे आम्ही सुचवू.

या सल्ल्यास एक दुसरी बाजू आहे आणि ती दडवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वृत्तपत्रे, मराठी दिवाळी अंकांची संकेतस्थळे, पाककृतींची पाने यांपैकी अनेकांचा संसार जाहिरातींवर चालतो. जर्मनीत आक्सेल स्प्रिंगर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ‘ॲडब्लॉक प्लस’च्या निर्मात्या कंपनीविरुद्ध दावा लावला होता, एप्रिल २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे साधन अनुचित स्पर्धा ठरत नाही असा निर्णय दिला. कायद्याचे काही असो, जे संकेतस्थळ आपण रोज वाचतो आणि जे सभ्यपणे जाहिरात दाखविते, त्याच्यापुरता रोधक बंद ठेवणे योग्य. प्रत्येक चांगल्या साधनात तशी सोय असते. बँकाही आंतरजालावर जाहिराती देतात, तेव्हा या लेखातील सल्ला मानणाऱ्यास त्या दिसणार नाहीत. तेवढी किंमत मोजण्यास हरकत नसावी.

जाहिरातरोधक वापरला म्हणजे फसवणूक टळलीच असे नव्हे. यादीत न आलेला पत्ता त्यातून निसटतो, एसएमएसमधून आलेल्या दुव्यावर त्याचा फारसा उपयोग नाही आणि दूरध्वनीवरील गोड बोलण्यावर तर मुळीच नाही. त्यामुळे बँकेचा पत्ता शोधू नये. स्वतः टंकलिखित करावा. या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या एका निर्णयाने मोठी सोय झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ताप्रकार जाहीर केला आणि बँकांना त्यावर स्थलांतर करण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. या पत्त्यांची नोंदणी केवळ हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते. म्हणजे कोणीही उठून अशी पाटी लावू शकत नाही. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावून घ्यावी. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही घुसडू शकतो. ग्राहकसेवेचा क्रमांक हवा असल्यास तो डेबिट कार्डाच्या मागे वा पासबुकावर छापलेला असतो.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण म्हणजे नुकसान कोणाच्या माथी येते हा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना त्रयस्थाकडून फसवणूक झाली आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याचे दायित्व शून्य. परंतु ग्राहकानेच गुप्त तपशील दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंत झालेले नुकसान त्याचेच. बनावट जाहिरातीवरील क्रमांकाला दूरध्वनी करून ओटीपी सांगणे हे याच दुसऱ्या प्रकारात मोडते. निवृत्तीवेतनाची जमा अशा एका संभाषणात जाऊ शकते.

तसे घडलेच तर लाजेने गप्प बसू नये. प्रथम बँकेला कळवून कार्ड व खाते रोखून घ्यावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा पुढील खात्यांत पांगण्याआधी कळविले तर तो अडविता येण्याची शक्यता अधिक. ज्या जाहिरातीवरून हा प्रकार घडला, तिचे पडद्यावरील चित्र टिपून ठेवावे. गुगलच्या जाहिरातीशेजारील तीन ठिपके दाबल्यास जाहिरातदाराची माहिती पाहता येते. तेथे जे नाव व देश दिसेल त्याचेही चित्र घ्यावे आणि तक्रारीसोबत जोडावे. ब्राउझरचा इतिहास मात्र तोवर पुसू नये.