आपल्याच मनातला परका आवाज

स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही. हात हलवण्याचा हुकूम सोडतानाच मेंदू त्या स्पर्शाचा अंदाज बांधतो आणि अपेक्षित संवेदना दाबून टाकतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि क्रिस फ्रिथ यांच्या गटाने 2000 साली दाखवलं, की ज्या रुग्णांना भास होतात त्यांच्यात हे दाबणं कमी पडतं. त्यांना स्वतःचा स्पर्शही दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच जाणवतो. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात आपलंच मनातलं बोलणं परक्याचं वाटतं ते यामुळेच, असा फ्रिथ यांचा तर्क. पुढे 2016 मध्ये फ्रेंच संशोधकांना आढळलं, की स्वभावात स्किझोफ्रेनियासारख्या छटा ठळक असलेल्या निरोगी माणसांनाही स्वतःला गुदगुल्या करणं जास्त जमतं! आजार आणि स्वभाव यांच्यामध्ये भक्कम भिंत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा परका आवाज आपल्याच मेंदूतून येतो; म्हणून जळकोटसारखं गाव असो की पुण्यासारखं शहर, ‘कानात कुणी बोलतंय’ म्हणणाऱ्याला ‘बाहेरची बाधा’ झाल्याचं ठरवून देवऋष्याकडे नेऊ नका. उपचाराला जितका उशीर, तितकं सावरणं अवघड. ‘देवराई’ (2004) या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी असाच रुग्ण साकारला आहे. घरच्यांसोबत जरूर बघा. आणि शंका आली, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावा.