एक ऑर्डर, दहा रुपये!

दिवसा हिंजवडीत नोकरी, रात्री कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दुकान. तुमच्यापैकी अनेकांचं असंच काहीतरी चालू असणार. कुणी केक विकतं, कुणी चांदीच्या नथी. मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण, आम्ही खण विकतो. म्हणजे कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून खण मागवायचे, त्याचे ब्लाऊज, कुर्ते, लहान मुलींची परकर-पोलकी शिवून घ्यायची आणि ऑनलाइन विकायची. स्वतःची वेबसाइट, दोन मार्केटप्लेस आणि इन्स्टाग्राम. दुकानं चार, माल मात्र एकाच बेडरूममध्ये! आणि या सगळ्याचा मेंदू कोण? तर एक एक्सेल शीट.

दिवसाला चार ऑर्डर होत्या तोवर धमाल होती. वीस झाल्या आणि शीटने मान टाकली.

दिवाळी २०२४. वसुबारस दोन दिवसांवर. नागपूरहून एका आजींचा फोन आला, ‘बाळा, पार्सल कुठवर आलंय गं?’ नातीची पहिली दिवाळी, तिच्यासाठी हिरवं परकर-पोलकं मागवलं होतं. मी शोधलं. शेवटचा पीस अर्ध्या तासाच्या फरकाने मार्केटप्लेसवरूनही विकला गेला होता आणि तो बडोद्याला रवाना झाला होता. शीटमध्ये नोंद करायची राहून गेली होती, बस्स. मी पाच मिनिटांत पैसे परत केले. आजी म्हणाल्या, ‘पैशांचं नाही गं,’ आणि फोन ठेवला.

त्याच रात्री मी जाहीर केलं, आपण ऑर्डर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घ्यायचं! चारही दुकानांच्या ऑर्डर एका स्क्रीनवर, एकीकडे वस्तू विकली की बाकी सगळीकडे स्टॉक आपोआप कमी, लेबल आणि बिल एका क्लिकवर. पार्टनर शांतपणे म्हणाली, ‘अगं, पैसे कुठून आणणार?’ खात्यात एक लाख होते, पण ते जानेवारीत विणकरांना द्यायच्या अॅडव्हान्सचे. ‘त्या पैशाला हात लावायचा नाही. खणच आला नाही तर सॉफ्टवेअरमध्ये काय भरणार? हवा?’ पुढचे दोन दिवस आम्ही फक्त पार्सलबद्दल बोललो.

आधी चुका मोजा

भांडण मिटवलं एका शंभर पानी वहीने. सॉफ्टवेअर केवढ्याला पडतं हे बघण्याआधी, ते नसल्याने आपलं किती जातं ते बघू या, असं ठरलं. महिनाभर प्रत्येक चूक वहीत लिहिली. चुकीचा साइज, चुकीचा रंग, एकच पीस दोघांना विकलेला, परत आलेला पण स्टॉकमध्ये न चढवलेला. ६०० ऑर्डरमागे २४ चुका निघाल्या. जाण्या-येण्याचं कुरिअर, पॅकिंग आणि सॉरी म्हणून दिलेलं कूपन धरून एक चूक २८० रुपयांना पडत होती. म्हणजे महिन्याला ६,७२० रुपये. शिवाय लेबलवर पत्ते उतरवायला मदतीला येणाऱ्या मावशींचे रोजचे दोन तास, त्याचे ५,२००. एकूण जवळपास बारा हजार!

आता बारा हजार वाचणार म्हणून बारा हजारांचं सॉफ्टवेअर घ्यायचं का? मुळीच नाही. सॉफ्टवेअर घेतलं तरी माणूस लाल ब्लाऊजऐवजी केशरी उचलतोच. आम्ही निम्मीच बचत धरली, सहा हजार. भागिले ६०० ऑर्डर... एका ऑर्डरमागे दहा रुपये. हीच आमची लक्ष्मणरेषा. मंथली प्लॅन, प्रीमियम प्लॅन, स्टार्टर प्लॅन, कुणी काहीही म्हणो, आमचा प्रश्न एकच : ऑर्डरमागे किती?

‘फुकट’चा फंडा

आम्ही तीन कोटेशन्स मागवली. पहिलं फिक्स : २,००० ऑर्डरपर्यंत महिना आठ हजार. दुसरं वापराप्रमाणे : महिना दोन हजारांत ३०० ऑर्डर, पुढच्या प्रत्येक ऑर्डरला सहा रुपये. तिसरं ओपन सोर्स, म्हणजे चक्क फुकट!

गंमत अशी की सगळे ‘नॉर्मल’ महिन्याचं गणित दाखवतात. आमच्या धंद्यात नॉर्मल महिने सातच. दोन महिने सणाचे, १,८०० ऑर्डरचे. पितृपक्षासारखे तीन मंदीचे, ३५० ऑर्डरचे. वर्षाच्या ८,८५० ऑर्डर. तसं मांडल्यावर पहिलं कोटेशन ९६ हजारांवर गेलं, दुसरं ५५,५०० वर थांबलं. आणि ‘फुकट’वालं? बसवून द्यायला डेव्हलपरचे ४० हजार, होस्टिंगचे १८ हजार, देखभालीचे ३६ हजार. फुकटचे झाले ९४ हजार! घरात सॉफ्टवेअर लिहिणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे नव्हतं.

पण दुसऱ्या कोटेशनमध्येही एक मेख आहे. महिन्याला १,३०० ऑर्डर झाल्या की त्याचंही बिल आठ हजार होतं, आणि त्यापुढे फिक्स प्लॅन स्वस्त पडतो. वर्षभर ऑर्डर दुप्पट झाल्या तर ५५ हजारांचे एक लाख आठ हजार होतात. वाढणाऱ्या धंद्याने आजचा नाही, पुढच्या वर्षीचाही आकडा टाकून बघायचा, तो यासाठी.

ब्रोशरमध्ये नसलेले खर्च

सेटअप फी १० हजार. जास्तीचं एक मार्केटप्लेस जोडायला महिना ५००, म्हणजे वर्षाला सहा हजार. लेबल प्रिंटर साडेनऊ हजार, बारकोड स्कॅनर अडीच हजार. पहिला महिना जुनी शीट आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही चालवायचं, म्हणून मावशींचा ओव्हरटाइम तीन हजार. झाले ३१ हजार. दुसऱ्या कोटेशनमध्ये मिळवले तर पहिल्या वर्षाचे ८६,५०० रुपये, म्हणजे ऑर्डरमागे पावणेदहा. जेमतेम लक्ष्मणरेषेच्या आत! थोडक्यात काय, तर पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर कमावून देत नाही, बरोबरीत सुटतं. फायदा दुसऱ्या वर्षी, जेव्हा हाच आकडा सातच्या आसपास येतो.

जीएसटीचे १८ टक्के वेगळेच. नियमित नोंदणी असेल तर ते इनपुट क्रेडिट म्हणून वळते करता येतात, कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर नाही. आणि क्रेडिट नंतर मिळालं तरी खिशातून आधी जातात, हे विसरू नका.

एक खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही, तो म्हणजे तुमचे वीकएंड. आमच्या शीटमध्ये एकाच रंगाला मी ‘मरून’ म्हणत होते, पार्टनर ‘वाइन’ आणि मावशी ‘डाळिंबी’. सॉफ्टवेअरला हे तीन वेगळे रंग वाटतात! सगळी नावं एकसारखी करण्यात दोन शनिवार-रविवार गेले.

डिस्काउंटचा मोह

‘मॅडम, वर्षाचं एकदम भरा, २० टक्के ऑफ!’ सेल्सवाल्याने शेवटचा बाण मारला. माझा जीव जाम खालीवर. पण एकरकमी पैसे भरायचे म्हणजे हात पुन्हा विणकरांच्या अॅडव्हान्सलाच लागणार. पार्टनरने मान हलवली आणि या वेळी मला पटलं. वाचणाऱ्या पैशापेक्षा हातात असलेला पैसा मोठा. आम्ही महिन्याचा प्लॅन घेतला. सुरुवातीच्या खर्चासाठी दोघींनी आपापल्या ऑफिसच्या दिवाळी बोनसमधून पंधरा-पंधरा हजार काढले. लाखाला हात लागला नाही, विणकरांचे पैसे वेळेवर गेले. शिवाय अडीअडचणीला म्हणून नऊ हजार वेगळे ठेवले. आणि सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे सुरुवात केली संक्रांतीनंतर, मंदीत. ऐन दिवाळीत सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे वरात दारात आल्यावर मांडव घालायला घेणं.

वर्षभरानंतर

महिन्याच्या २४ चुकांच्या ९ झाल्या. शून्य नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही १,८०० ऑर्डर धरल्या होत्या, आल्या २,१५०. बिल ११ हजारांऐवजी १३,१०० आलं. ते बाजूला ठेवलेले नऊ हजार कामाला आले.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते मात्र एका रात्रीत. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांना सरसकट ५ टक्के जीएसटी लागू झाला. आधी हजाराच्या वरच्या कपड्यांना १२ टक्के होता. आमचे बहुतेक कुर्ते दीड हजारांचे. एक्सेल असतं तर नवरात्राच्या पहिल्या रात्री आम्ही चार दुकानांच्या किमती एकेक करून बदलत बसलो असतो. इथे कराचा दर एका ठिकाणी बदलला आणि चक्क झोपायला गेलो.

सही करण्याआधी विचारा

• सणाच्या महिन्यात ऑर्डर वाढल्या तर जादा दर काय?
• मधेच प्लॅन बदलला तर पुन्हा सेटअप फी लागेल का?
• परत आलेल्या पार्सलचीही ‘ऑर्डर’ म्हणून मोजणी होते का?
• मार्केटप्लेसने पाठवलेले पैसे त्यांनी कापलेल्या कमिशन आणि टीसीएससकट जुळवून मिळतात का? (टीसीएस जुलै २०२४ मध्ये १ टक्क्यावरून ०.५ टक्के झाला.)
• सोडायचं ठरवलं तर आमचा सगळा डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल?
• रविवारी रात्री फोन कोण उचलणार?

आजच एक वही आणा आणि फक्त चुका लिहा. महिन्याने तुमचा ‘दहा रुपये’ तुम्हाला सापडेल. कदाचित तो चार रुपयेच निघेल. मग बिनधास्त एक्सेल वापरा, लाजायचं काय त्यात?

आमच्या वहीत पहिल्या पानावर नागपूरच्या त्या ऑर्डरची नोंद आहे. पुढे २८० रुपये लिहिलेत. गेल्या दिवाळीत मी यादीत दोनदा शोधलं, आजींची ऑर्डर काही आली नाही. तो आकडा चुकीचा आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.